घराचा धनी, गळ्याचा धनी

‘द्वेन्दे’ हा स्पॅनिश शब्द कोशात पाहिला तर पहिला अर्थ मिळतो तो घरात वावरणाऱ्या एका खोडकर पिशाच्चाचा. रात्री भांडी आपटणारे, झोपलेल्याचे पांघरूण ओढणारे, वस्तू जागच्या हलवणारे, कधी ठेंगू म्हाताऱ्याच्या तर कधी पोराच्या रूपात दिसणारे हे पिशाच्च. त्याच नोंदीत पुढे दुसरा अर्थ येतो : शब्दांत न सापडणारी गूढ मोहिनी, आणि उदाहरण दिलेले असते ते फ्लामेंको गाण्याचे. भांडी आपटणारे भूत आणि गाण्यातली मोहिनी एका शब्दात कशी नांदतात, याचे उत्तर बहुतेक जण एका नावावर सोपवून मोकळे होतात. ते नाव म्हणजे कवी फेदेरिको गार्सिया लोर्का. उत्तर अर्धे खरे आहे. लोर्काने १९३३ मध्ये या शब्दाला जे वळण दिले, त्याची वाट शब्दातच आधीपासून होती, आणि ती वाट भुताखेतांची नसून मालकीची आहे.

व्युत्पत्तीपासूनच हे दिसते. मालकाला स्पॅनिशमध्ये ‘द्वेन्यो’ म्हणतात. जुन्या भाषेत पुढे दुसरा शब्द आला की त्याचे शेपूट गळून ‘द्वेन’ उरे. त्यामुळे ‘घराचा धनी’ हे ‘द्वेन दे कासा’ असे म्हटले जाई. यातला ‘कासा’ म्हणजे घर, हा शब्द बोलण्यात गळला आणि ‘द्वेन दे’ एवढा तुकडा स्वतंत्र नाम होऊन बसला. विसाव्या शतकातले मोठे व्युत्पत्तिकार जोआन कोरोमिनस यांनी मांडलेली ही उपपत्ती आज सर्वमान्य आहे. तेराव्या शतकातल्या लेखनात हा शब्द चक्क हाडामासाच्या घरमालकासाठी आलेला आहे. पिशाच्चाचा अर्थ पंधराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. म्हणजे ज्याला आज मूळ, वाच्य अर्थ समजले जाते, तोच एका जुन्या अर्थावर चढलेला लाक्षणिक अर्थ आहे. घरात राहणारी माणसे भाडे भरतात, झाडलोट करतात, पण रात्र पडली की खरी सत्ता कोणाची चालते, या भीतीतून ‘घरधनी’ हे नाव अदृश्य रहिवाशाला मिळाले असावे.

‘द्वेन्यो’ आला लॅटिनमधल्या ‘दोमिनुस’वरून, आणि ‘दोमिनुस’ आला ‘दोमुस’ म्हणजे घर या शब्दावरून. त्याच घराण्यातला ‘दम’ हा घरवाचक शब्द वैदिक संस्कृतात आहे. ऋग्वेदातला ‘दंपति’ एकवचनात घरचा धनी असतो. नवरा-बायको ही जोडी त्या शब्दात द्विवचनामुळे आली. मराठीतली दंपती आणि स्पॅनिशमधला द्वेन्दे हे असे दूरचे सगोत्र ठरतात, एवढेच की एकाला लग्नपत्रिकेत जागा मिळाली आणि दुसऱ्याला माळ्यावर.

या घरधन्याचा स्वभाव स्पेनभर साधारण एकच सांगितला जातो. तो घातकी नाही, छळवादी आहे. जीव घेत नाही, झोप घेतो. प्रदेशागणिक त्याची नावे बदलतात : अस्तुरियासमध्ये त्रास्गू, गॅलिसियात त्रास्नो, कातालान भाषेत फोलेत, आंदालुसियात मार्तिनिको, बास्क मुलखात लाल विजारीमुळे ‘गाल्त्सागोरी’. अस्तुरियासचा त्रास्गू लाल टोपी घालतो, थोडा लंगडतो, आणि त्याच्या डाव्या हाताला भोक असते. त्याला घालवायचा उपाय म्हणजे न जमणारे काम सांगणे : सांडलेले बारीक धान्य मुठीने गोळा कर, टोपलीतून समुद्राचे पाणी आण, काळी लोकर धुऊन पांढरी कर. धान्य हाताच्या भोकातून गळत राहते, आणि आपल्याला सगळे येते अशी घमेंड असलेला त्रास्गू शरमून निघून जातो. इबिसा बेटावरच्या पिशाच्चाची गंमत उलटी आहे : ते बाटलीत राहते आणि बाहेर काढले की काम तरी द्या नाहीतर खायला तरी द्या असा धोशा लावते.

सर्वांत जास्त ठिकाणी ऐकू येणारी गोष्ट घर बदलण्याची. द्वेन्देच्या जाचाला कंटाळून कुटुंब बिऱ्हाड हलवते. गाडीवर सामान लादून निघाल्यावर घरधनिणीच्या लक्षात येते की अमुक वस्तू मागे राहिली. तेवढ्यात सामानावर बसलेला द्वेन्दे ती वस्तू हातात धरून सांगतो, काळजी नको, मी आणली आहे. या गोष्टीत एक सूक्ष्म बदल होऊन गेलेला आहे. नावाप्रमाणे द्वेन्दे घराचा असायला हवा, पण इथे तो माणसांचा झाला आहे. भिंतींवरची सत्ता माणसांवर सरकली. पुढे लोर्काने जे केले त्याचे बीज लोककथेत असे आधीच पडलेले होते.

पंडितांनीही या प्राण्याला गांभीर्याने घेतले. सेबास्तियान दे कोवारूबियास याने १६११ मध्ये छापलेल्या स्पॅनिश भाषेच्या कोशात द्वेन्देला ल्युसिफरबरोबर स्वर्गातून पडलेल्या आत्म्यांमध्ये बसवले : काही थेट पाताळात गेले, काही वाटेत जमिनीवर अडकले, त्यांपैकी हे. १६७६ मध्ये फुएन्तेलापेन्या या कापुचिन पंथाच्या साधूने एक जाडजूड ग्रंथ लिहून वेगळाच सिद्धांत मांडला. त्याच्या मते द्वेन्दे देवदूत नाहीत, सैतान नाहीत, मृतात्मेही नाहीत. ते एक प्रकारचे अदृश्य प्राणी आहेत, आणि बंद पडलेल्या तळघरांतल्या व माळ्यांवरच्या कुबट हवेतून ते निपजतात. आज हे वाचताना हसू येते, पण सैतानाला वजा करून भुताचे स्पष्टीकरण जीवशास्त्रात शोधणे ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट होती. बेनेडिक्टिन साधू बेनितो फेइहो याने १७२९ मध्ये आपल्या ‘तेआत्रो क्रीतिको उनिव्हेर्साल’ या निबंधमालेच्या तिसऱ्या खंडात या सिद्धांताची चिरफाड केली. द्वेन्दे कोणत्याच वर्गात बसत नाहीत, म्हणून ते नाहीतच, असा त्याचा निष्कर्ष. मग घरोघरी आवाज कोण करते? फेइहोचे उत्तर व्यवहारी होते : चोर, चाकर आणि चोरून भेटणारे प्रेमिक. ज्यांना रात्रीचे घर रिकामे हवे असते, त्यांना भूत सोयीचे असते.

शंभर वर्षे आधी रंगभूमीने हेच ओळखले होते. काल्देरोन दे ला बार्का याचे ‘ला दामा द्वेन्दे’ हे १६२९ चे नाटक या शब्दाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे, कारण त्यात वाच्य अर्थ आणि लाक्षणिक अर्थ एकाच पात्रात एकमेकांवर आपटतात. दोन्या आंखेला ही तरुण विधवा भावांच्या पहाऱ्यात कोंडलेली असते. घरी आलेल्या पाहुण्याच्या खोलीला लागून असलेले एक कपाट सरकते, हे तिला कळते. त्या वाटेने ती आत शिरते, त्याचे सामान उलटेपालटे करते, चिठ्ठ्या ठेवते. पाहुण्याचा नोकर कोस्मे छातीठोकपणे सांगतो की हा द्वेन्देचा खेळ आहे. मालक दोन मानुएल भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, पण कपाटाचे गुपित त्यालाही उलगडत नाही. ज्या बाईला घरात कसलीही सत्ता नाही, ती भुताचे सोंग घेऊन त्या घराची खरी धनीण होते. शिवाय तिचे नाव आंखेला, म्हणजे देवदूत. देवदूत आणि द्वेन्दे ही जोडी तीनशे वर्षांनी पुन्हा समोरासमोर येणार होती. अर्जेंटिनात १९४५ मध्ये लुइस सास्लाव्स्की याने या नाटकावर चित्रपट केला. त्याची पटकथा स्पेनच्या यादवीनंतर परागंदा झालेल्या राफाएल आल्बेर्ती आणि मारिया तेरेसा लेओन यांनी लिहिली होती. चित्रकलेतही हा प्राणी सापडतो. चित्रकार गोयाच्या ‘काप्रिचोस’ या १७९९ च्या चित्रमालेतल्या ४९ व्या पानावर ‘द्वेन्देसितोस’, म्हणजे छोटे द्वेन्दे, आहेत. साधूंच्या वेशातली ही ध्याने आरामात बसून खातात-पितात. रात्री कोठार रिकामे करणारे खरे कोण, हा टोमणा त्या काळच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नसे.

इथपर्यंत शब्दाला फुटलेले लाक्षणिक धुमारे सगळे चोरपावलांचे आहेत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या चोरट्यांच्या बोलीत ‘द्वेन्दे’ म्हणजे रात्रीची गस्त. हुआन इदाल्गो याने १६०९ मध्ये छापलेल्या त्या बोलीच्या शब्दसंग्रहात हा अर्थ आहे. चोराच्या बाजूने पाहिले तर अर्थ चोख बसतो, कारण नको त्या वेळी, नको त्या कोपऱ्यावर उगवणारा हाच. ‘द्वेन्देसारखा हिंडणे’ हा वाक्प्रचार ध्यानीमनी नसताना समोर उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल वापरतात. द्वेन्देने पुरलेले धन हाती लागले की त्याचे कोळसे होतात, अशी समजूत होती. म्हणून ‘द्वेन्देचा खजिना’ म्हणजे हवेत असलेली किंवा बघता बघता विरून जाणारी संपत्ती.

अदृश्य राहून घरभर फिरणे हा गुण पत्रकारांच्या पथ्यावर पडला. १७३५-३६ मध्ये माद्रिदमध्ये ‘एल द्वेन्दे क्रीतिको’ नावाची हस्तलिखित पत्रके दर गुरुवारी फिरू लागली. रोख मंत्री होसे पातिन्यो याच्यावर होता, आणि पत्रके हव्या त्या ठिकाणी बरोबर पोचत. लेखक निघाला एक पोर्तुगीज कार्मेलाइट साधू. तो पकडला गेला आणि निसटलाही. १८२८ मध्ये मारियानो होसे दे लार्रा या विशीच्या आतल्या मुलाने ‘एल द्वेन्दे सातीरिको देल दिया’ काढले. त्याचे पाचच अंक निघाले, पण पुढे स्पेनचा सर्वांत तिखट निबंधकार ठरलेल्या लेखकाची ती सुरुवात. छापखान्यातही द्वेन्दे आहेच. मुद्रणातल्या चुका ‘छापखान्याच्या द्वेन्देंनी’ केल्या असे म्हणून संपादक वाचकांची माफी मागतात. विशाखदत्ताच्या नाटकाच्या नावावर कोटी करून मराठी संपादकांनी घडवलेला ‘मुद्राराक्षस’ नेमके हेच काम करतो. दोन्ही भाषांत दोष अखेर कोणा खिळे जुळवणाऱ्याचा नाहीच, ही सोय मोठी आहे.

कोशातले दोन अर्थ मात्र या ओळीत सहज बसत नाहीत. आंदालुसियात कुंपणाच्या भिंतीवर चोर चढू नये म्हणून जे वाळलेले काटेरी झाड लावतात, त्यालाही द्वेन्दे म्हणत. त्याला निदान घर राखण्याचा संबंध आहे. सोन्या-चांदीच्या तारा विणलेल्या एका जुन्या कापडाला हेच नाव कसे मिळाले, ते नोंदीवरून कळत नाही.

आता मुख्य वळण. ‘द्वेन्दे असणे’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘तेनेर द्वेन्दे’, हा वाक्प्रचार आज स्तुतीचा आहे. जुन्या कोशांत मात्र त्याचा अर्थ वेगळा : मनात काहीतरी घोळत असणे, डोक्यात अस्वस्थ करणारे काही शिरून बसलेले असणे. हा जुना अर्थ सहसा दुर्लक्षिला जातो, पण दुवा तोच आहे. भूत घरातून उठून माणसाच्या डोक्यात राहायला आले ते इथे. त्याच वेळी आंदालुसियाच्या बोलीत मोहकपणासाठी वेगळा शब्द रूढ होता : ‘तेनेर आंखेल’, म्हणजे एखाद्यात देवदूत असणे. उलट ज्याच्या वागण्या-बोलण्यात गोडवाच नाही तो ‘मालाखे’; हा शब्द ‘माल आंखेल’, वाईट देवदूत, याचा बोलीतला संक्षेप. गायक-नर्तकांच्या जगात मोजमापाची ही भाषा आधीच तयार होती. तिथे ‘द्वेन्देस’ असे अनेकवचनही फिरत होते, पण ते तोंडी बोलण्यात, मैफलीपुरते. छापील साहित्यात त्याला ठाम जागा मिळाली ती लोर्कामुळे.

लोर्का मूळचा ग्रानादा प्रांतातला. संगीतकार मानुएल दे फाल्या याच्याबरोबर त्याने जून १९२२ मध्ये आलांब्रा किल्ल्याच्या आवारात ‘कान्ते होन्दो’ या खोल, आदिम गायकीची स्पर्धा भरवण्यात पुढाकार घेतला होता. त्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानात तो या गायकीच्या उगमाबद्दल बोलला. द्वेन्देचा सिद्धांत त्यात अजून नव्हता. तो आला ११ वर्षांनी, स्पेनपासून दूर. ‘बोदास दे सान्ग्रे’ या नाटकाच्या यशामुळे तो ब्युनोस आयर्सला गेला होता, आणि तिथे २० ऑक्टोबर १९३३ रोजी ‘आमिगोस देल आर्ते’ या कलासंस्थेत त्याने ‘हुएगो इ तेओरिया देल द्वेन्दे’ हे व्याख्यान दिले. नावाचा अर्थ ‘द्वेन्देचा खेळ आणि सिद्धांत’. ‘खेळ’ हा शब्द ‘सिद्धांता’च्या आधी आहे, हे वाचक नेहमी विसरतात. हे शोधनिबंधाचे भाषण नव्हते. किस्से, अतिशयोक्ती आणि कविता यांची ती मांडणी होती.

कवीला किंवा गायकाला बळ तीन ठिकाणांहून येते, असे लोर्काने सुचवले. देवदूत वरून येतो. तो प्रकाश देतो, वाट दाखवतो, कलावंताला फारसे कष्ट पडत नाहीत. कलादेवी, म्हणजे युरोपीय परंपरेतली म्यूझ, कानाशी येऊन सांगते. तिच्यापासून रूप आणि बुद्धी मिळते. हे दोघे बाहेरचे. द्वेन्दे मात्र आतून, रक्ताच्या तळाशी असलेल्या खोल्यांतून उठवावा लागतो, आणि त्याच्याशी झुंज घ्यावी लागते. एका म्हाताऱ्या गिटारवादकाच्या सांगण्याचा हवाला देऊन लोर्का म्हणतो की तो गळ्यात नसतो, तळपायातून वर चढतो. घराची उपमा लोर्काने सोडलेली नाही. फक्त ते घर आता शरीर झाले आहे. घरात कोणी नकळत मालक होऊन बसावा, तसाच हा गाणाऱ्याच्या देहाचा ताबा घेतो. रूढ धर्मातल्या सैतानाशी आपल्या द्वेन्देचा घोटाळा करू नये, हे त्याने आवर्जून बजावले आणि त्याचा वंश सॉक्रेटिसच्या अंतर्यामी बोलणाऱ्या दैवताशी नेऊन भिडवला.

सिद्धांतापेक्षा त्यातल्या गोष्टी जास्त टिकल्या. हेरेसचा जिप्सी गायक मानुएल तोर्रे याने एका गायकाला सुनावले होते की तुझ्याकडे आवाज आहे, शैलींचे ज्ञान आहे, पण द्वेन्दे नाही म्हणून तू कधी जिंकणार नाहीस. याच तोर्रेने फाल्याचे संगीत ऐकून काळ्या नादांत द्वेन्दे असतो असे काहीसे उद्गार काढले, आणि ‘काळे नाद’ ही जोडी फ्लामेंकोच्या परिभाषेत कायमची बसली. तोर्रे जुलै १९३३ मध्ये गेला होता, म्हणजे व्याख्यानाच्या जेमतेम तीन महिने आधी. दुसरी गोष्ट पास्तोरा पाव्होन हिची. ‘ला निन्या दे लोस पेइनेस’ या नावाने ती ओळखली जाई. कादिसच्या एका दारूच्या गुत्त्यात जाणकारांसमोर तिने आवाजाची सगळी करामत दाखवली आणि कोणी हलले नाही. एका बुटक्या माणसाने उपरोधाने पॅरिसचा जयजयकार केला. म्हणजे इथे कसबाचे, सफाईचे कौतुक नाही. मग तिने कडक दारूचा मोठा पेला एका दमात रिचवला आणि होरपळलेल्या घशाने, आवाज सोडून देऊन ती गायली, तेव्हा लोक कपडे फाडण्याच्या बेताला आले. तिसरी हेरेसची : नृत्यस्पर्धेत देखण्या तरुणींना मागे टाकून ८० वर्षांची बाई जिंकली, ती केवळ हात उचलून, मान मागे टाकून आणि फळीवर एकदा पाय आपटून.

या गोष्टींतून लोर्काचे निकष दिसतात. द्वेन्दे कसबाच्या विरुद्ध नाही, कसब संपते तिथून पुढचा आहे. पास्तोरा पाव्होनला आधी सगळे येत होते म्हणूनच ते फेकून देण्याला अर्थ होता. तो पुन्हा तसाच येत नाही. त्याला जिवंत देह लागतो, म्हणून गायन, नृत्य आणि मोठ्याने म्हटलेली कविता ही त्याची खास ठिकाणे. आणि मृत्यूची शक्यता जवळपास नसेल तर तो येतच नाही. म्हणूनच लोर्का बैलांच्या झुंजीकडे वळतो आणि लागार्तिखो, होसेलितो, बेल्मोन्ते, कागान्चो या मातादोरांना वेगवेगळ्या जातीचे द्वेन्दे वाटून देतो. सुमारे तीन वर्षांनी, ऑगस्ट १९३६ मध्ये, ग्रानादाजवळ लोर्काला गोळ्या घालण्यात आल्या. व्याख्यान छापले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर, आणि मृत्यूबद्दलची त्यातली वाक्ये लोक तेव्हापासून त्या घटनेच्या सावलीत वाचत आले आहेत. त्यामुळे त्यातला खेळकरपणा बराच झाकला गेला.

मराठी वाचकाला इथे ‘अंगात येणे’ आठवेल, आणि काही अंतरापर्यंत ते बरोबर आहे : शरीर आपले, सत्ता दुसऱ्याची. पण अंगात येते ते कोण, हे जाणते लोक विचारतात आणि उत्तर मिळते. देवाला नाव असते, मागणे असते. लोर्काचा द्वेन्दे निनावी आहे आणि काहीच मागत नाही. मैफलीतला ‘सूर लागणे’ हा शब्दप्रयोगही पूर्ण जुळत नाही, कारण लागलेला सूर निर्मळ असतो आणि द्वेन्देच्या गोष्टीत गळा फाटतो.

लोर्काच्या मांडणीवर आक्षेप कमी नाहीत. फ्लामेंको ही काटेकोर तालाची, वर्षानुवर्षे बसवलेल्या पायकामाची कला आहे. तिच्या यशाचे श्रेय गूढ शक्तीला दिले की रियाज अदृश्य होतो. शिवाय दारू, दारिद्र्य आणि श्रीमंत रसिकांच्या रात्रभराच्या फर्माइशी यांतून उठणारी हाक ‘रक्तातला द्वेन्दे’ म्हणून गौरवली की तिची कारणे विचारायचे राहून जाते. हा आक्षेप वजनदार आहे. जिप्सी गायकाला जन्मजात अग्नी आणि इतरांना शिकलेले कसब, ही वाटणी कौतुकाची असली तरी साचेबंदच आहे. व्यवहारात बरेच फ्लामेंको कलाकार जपून बोलतात. ऐकताना अंगावर काटा आणणाऱ्या क्षणाला ते ‘पेयिस्को’, म्हणजे चिमटा, असा साधा शब्द वापरतात. पर्यटकांच्या पत्रकांत मात्र द्वेन्दे रोज रात्री ठरल्या वेळी हजर असतो.

लाक्षणिक अर्थाने एवढी मजल मारली तरी वाच्य अर्थ मेला नाही, याचा पुरावा लगेच पुढच्याच वर्षी मिळाला. १९३४ च्या शरद ऋतूत सारागोसा शहरात गास्कोन दे गोतोर रस्त्यावरच्या एका इमारतीत स्वयंपाकघराच्या धुराड्यातून आवाज बोलू लागला. प्रश्नांची उत्तरे तो द्यायचा, चूल पेटवली तर कळवळायचा. पोलीस आले, न्यायाधीश आले, वास्तुतज्ज्ञांनी भिंती तपासल्या, रस्त्यावर गर्दी जमली, लंडनपर्यंत बातम्या गेल्या. वृत्तपत्रांनी त्याला एकमताने ‘सारागोसाचा द्वेन्दे’ म्हटले. अधिकाऱ्यांनी अखेर घरच्या तरुण मोलकरणीवर बोट ठेवले : नकळत पोटातून आवाज काढण्याचा हा प्रकार आहे, असे सांगून प्रकरण मिटवले. फेइहोने दोनशे वर्षांपूर्वी चाकरांकडेच बोट दाखवले होते. ती इमारत पुढे पाडली गेली, आणि जागेवर उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीचे नाव ‘एदिफिसियो द्वेन्दे’ आहे.

स्पेनच्या जहाजांबरोबर वाच्य अर्थ जगभर गेला आणि तिथल्या भुतांत मिसळला. उत्तर अर्जेंटिनात द्वेन्दे दुपारी वामकुक्षीच्या वेळी मुलांना गाठतो. मोठी टोपी घातलेले हे बाप्तिस्मा न झालेल्या मुलाचे भूत. त्याचा एक हात लोखंडाचा, दुसरा लोकरीचा असतो, आणि कोणत्या हाताने मारू असे ते विचारते. लोकरीचा हात मागणारा फसतो. ग्वातेमालात तो ‘सोम्ब्रेरोन’ होऊन लांब केसांच्या मुलींच्या मागे लागतो आणि घोड्यांच्या आयाळीच्या वेण्या घालतो. मिगेल आंखेल आस्तुरियास याच्या १९३० च्या ‘लेयेन्दास दे ग्वातेमाला’ या पुस्तकात तो आहे. बेलीझमधल्या ‘ताता द्वेन्दे’ला अंगठे नसतात, म्हणून त्याच्यासमोर आपले अंगठे मुठीत लपवावेत असे मुलांना शिकवतात. फिलिपाइन्सच्या तागालोग भाषेत ‘दुवेन्दे’ वारुळाच्या मातीत राहणाऱ्या स्थानिक भुतांशी एकरूप झाला. त्या मातीवरून जाताना वाट द्या अशी विनवणी करून मगच पाऊल टाकतात. या सगळ्या ठिकाणी द्वेन्दे जागेचा धनीच राहिला आहे, फक्त घराऐवजी रान, वारूळ, दुपार त्याच्या मालकीची झाली.

इंग्रजी जगात नेमके उलट घडले. तिथे शब्द गेला तो १९५० च्या दशकापासून छापल्या गेलेल्या लोर्काच्या भाषांतरांतून, म्हणजे भूत मागे ठेवून. गायक निक केव्ह याने १९९९ मधल्या प्रेमगीतांवरच्या आपल्या व्याख्यानात हा शब्द दुःखाच्या अंगाने वापरला, कवी एडवर्ड हर्श याने २००२ मध्ये देवदूत आणि द्वेन्दे यांच्यावर आख्खे पुस्तक लिहिले, ट्रेसी के. स्मिथ या अमेरिकन कवयित्रीच्या २००७ च्या संग्रहाचे नावच ‘द्वेन्दे’ आहे. या वाचकांना घरात भांडी आपटणारे पोर ठाऊक नसते, त्यामुळे त्यांच्या द्वेन्देला गांभीर्य फार आणि खोडकरपणा कमी.

स्पेनमध्ये दोन्ही अर्थ रोजच्या बोलण्यात एकमेकांना न अडवता चालतात, आणि ऐकणारा ते व्याकरणावरून ओळखतो. ‘आय’ हे ‘आहे, आहेत’ या अर्थाचे क्रियापद आणि अनेकवचन आले की पिशाच्च : ‘एन एस्ता कासा आय द्वेन्देस’, या घरात भुते आहेत. ‘तेनेर’ हे बाळगण्याचे क्रियापद आणि एकवचन आले की मोहिनी : ‘एस्ता कासा तिएने द्वेन्दे’, या घरात काही जादू आहे. पहिल्या वाक्यावर भाडेकरू घर सोडतात, दुसऱ्यावर भाडे वाढते.